भांड्याकुंड्यांतली प्रार्थना : ख्रिस्ती गूढवाद आणि रोजचे जगणे

काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गात मी गूढवाद आणि मराठी कविता हा घटक शिकवत होते. नेहमीप्रमाणे फळ्यावर गूढवादाची लक्षणे लिहिली : शब्दांत न मावणारी अनुभूती, द्वैताचा लोप, अलौकिक दर्शने, प्रतीकांची भाषा. विद्यार्थी वहीत उतरवून घेत होते. सासष्टीतील ख्रिस्ती कुटुंबातून आलेल्या आणि आवडीने मराठी घेतलेल्या एका विद्यार्थिनीने हात वर केला. ‘‘मॅडम, माझी आजी मासळी साफ करताना, पेज ढवळताना ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत असते. रात्री तेर्स झाला की दिवसभरात आपण कोणाला लागेलसे बोललो का, ते आठवत बसते. मग ती यात येते का?’’ वर्गात थोडे हसू पिकले. मी म्हटले, ‘‘आजी भाविक आहे. गूढवादी असणे ही वेगळी गोष्ट.’’ उत्तर पाठ्यपुस्तकाला धरून होते. तेवढ्यात तास संपला.

ते उत्तर चुकीचे होते, असे आज वाटते. ख्रिस्ती परंपरेतील ज्या थोर नावांना आपण गूढवादी म्हणून ओळखतो, त्यांतील बऱ्याच जणांनी त्या आजीला आपल्यातलीच म्हटले असते. दर्शने, समाधी, आनंदमूर्च्छा यांच्याकडे त्यांनी संशयाने पाहिले आणि खरी कसोटी स्वयंपाकघरात, आजाऱ्याच्या खाटेपाशी, शेजाऱ्याशी होणाऱ्या बोलण्यात शोधली. त्याचबरोबर दुसरी एक गोष्ट घडली. प्रार्थना रोजच्या कामात उतरली, तेव्हा ती रोजच्या बोलीतही उतरली. या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत. भाषेच्या अभ्यासकांना हा विषय जवळचा वाटावा तो याच कारणासाठी.

एका प्रतिशब्दाची अडचण

‘मिस्टिसिझम’ या संज्ञेसाठी मराठीत ‘गूढवाद’ हा शब्द रूढ झाला. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ मिटणे असा आहे : डोळे मिटणे किंवा ओठ मिटणे. त्या दृष्टीने ‘गूढ’ हा शब्द अगदीच चुकीचा नाही. परंतु मराठी वाचकाच्या मनात ‘गूढ’ म्हटले की गूढकथा, तंत्रमंत्र, काहीतरी अंधारातले असे भाव उमटतात. ‘वाद’ या प्रत्ययामुळे आणखी एक गैरसमज होतो. वास्तववाद किंवा मार्क्सवाद यांसारखा हा कुठला सिद्धान्त असावा, असे विद्यार्थ्यांना वाटते. प्रत्यक्षात तो सिद्धान्ताआधी आचाराचा विषय आहे.

पहिल्या काही शतकांत ख्रिस्ती लेखक हा शब्द विशेषण म्हणून वापरत. धर्मग्रंथातील वरवरच्या अर्थामागे दडलेला अर्थ, किंवा भाकरी आणि द्राक्षारस यांच्या विधीत दडलेले ख्रिस्ताचे सान्निध्य, यांना ते हे विशेषण लावत. ग्रंथ सर्वांसाठी होता आणि विधीही सर्वांसाठी होता. इ. स. ५०० च्या सुमारास डायोनिसियस या नावाने लिहिणाऱ्या एका लेखकाने ईश्वराविषयी नकारांच्या वाटेने बोलणारा छोटा ग्रीक प्रबंध लिहिला आणि त्याच्या शीर्षकात हा शब्द घातला. पुढे मध्ययुगात साधनेच्या तीन पायऱ्या मांडल्या गेल्या : आधी शुद्धी, मग प्रकाश, शेवटी ऐक्य. पण ‘मिस्टिक’ नावाची एक निराळी व्यक्ती असते, तिला निराळे अनुभव येतात आणि त्या अनुभवांचे एक स्वतंत्र शास्त्र असते, ही कल्पना युरोपात साधारण सतराव्या शतकात घट्ट झाली. मी फळ्यावर लिहिलेली लक्षणे त्या उशिराच्या कल्पनेची होती.

मार्था आणि मरिया

रोजचे काम आणि ध्यान यांच्या नात्याविषयीची ख्रिस्ती चर्चा एका छोट्या प्रसंगाभोवती फिरत आली आहे. लूकच्या शुभवर्तमानात दहाव्या अध्यायाच्या अखेरीस तो येतो. येशू दोन बहिणींच्या घरी जातो. मार्था पाहुणचाराच्या धांदलीत असते, तर मरिया त्याच्या पायांशी बसून ऐकत राहते. मार्था तक्रार करते की बहिणीने सगळे काम माझ्या एकटीवर टाकले आहे. येशू मरियेची बाजू घेतो. यावरून शतकानुशतके असा अर्थ काढला गेला की ध्यान श्रेष्ठ आणि घरकाम कनिष्ठ. मठात बसणारे वरच्या पायरीवर आणि चूल पेटवणारे खालच्या.

हा अर्थ उलटा करणाऱ्यांत माइस्टर एकहार्ट हे नाव महत्त्वाचे आहे. एकहार्टचा काळ साधारण १२६० ते १३२८, म्हणजे ज्ञानेश्वरांचा जवळजवळ समकाल. आपल्या एका प्रवचनात त्याने मार्थेला अधिक परिपक्व ठरवले. मरिया अजून शिकते आहे आणि ऐकण्याच्या गोडीत अडकली आहे. मार्था मात्र कामात असूनही ईश्वरापासून ढळलेली नाही. मरियेला एक दिवस मार्था व्हायचे आहे, अशी त्याची मांडणी आहे. एकहार्ट पॅरिसमध्ये लॅटिनमधून शिकवणारा पंडित होता. ही प्रवचने मात्र त्याने जर्मनमध्ये दिली, आणि ती ऐकणाऱ्यांत मठातील स्त्रिया आणि सामान्य गृहस्थ होते. त्याच्या मृत्यूनंतर १३२९ मध्ये पोपने त्याची अठ्ठावीस विधाने आक्षेपार्ह ठरवली. हे सारे त्याने सामान्य लोकांपुढे सांगितले, ही गोष्टही त्या निर्णयात नोंदवलेली आहे. विचार कोणता, याबरोबरच तो कोणाच्या कानावर पडला, हाही प्रश्न होता. १२९० ची ज्ञानेश्वरी ज्यांना वारशाने मिळाली, त्या आपल्याला या प्रश्नाचे वजन सांगावे लागत नाही.

आविलाची तेरेसा : बाग शिंपण्याच्या चार रीती

स्पेनमधील आविला गावची तेरेसा (१५१५–१५८२) ही या परंपरेतील सर्वांत बोलकी लेखिका. तिचे आजोबा ज्यू धर्मातून ख्रिस्ती झालेले होते, आणि त्या काळच्या स्पेनमध्ये ही गोष्ट लपवावी लागे. १५६२ मध्ये तिने कार्मेल संघातील सुधारलेल्या, साध्या जीवनाचा पहिला मठ सुरू केला. या शाखेला ‘अनवाणी’ कार्मेल म्हणतात. मृत्यूपर्यंत तिने स्पेनच्या वाईट रस्त्यांवरून बैलगाड्या, खेचरे यांनी प्रवास करत सुमारे सतरा मठ उभे केले. जागेचे सौदे केले, कर्जे फेडली, गवंड्यांशी हुज्जत घातली.

१५५९ मध्ये स्पेनच्या धर्मन्यायपीठाने निषिद्ध ग्रंथांची यादी काढली. तीत स्पॅनिशमधील पुष्कळ भक्तिपर पुस्तके होती. लॅटिन न येणाऱ्या स्त्रियांच्या हातातली पुस्तके त्या एका यादीने गेली. तेरेसेला लॅटिन येत नव्हते. या बंदीचे आपल्याला फार वाईट वाटले, असे तिने आत्मचरित्रात नमूद केले आहे. मग तिने स्वतःच लिहायला घेतले, तेही बाजारात आणि माजघरात बोलल्या जाणाऱ्या स्पॅनिशमध्ये. वाक्ये मध्येच सोडलेली, विषयांतरे, स्वतःवर केलेले विनोद अशी ती भाषा आहे. पुढे तिचे आत्मचरित्रही धर्मन्यायपीठाच्या ताब्यात गेले. ते तिथे पडून असतानाच १५७७ मध्ये तिने आत्म्याला सात दालनांच्या किल्ल्याची उपमा देणारा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला.

तिची दुसरी एक उपमा गोमंतकातल्या कुळागराच्या माणसाला सहज कळेल. प्रार्थना म्हणजे बाग शिंपणे, असे ती म्हणते. बाग शिंपण्याच्या चार रीती आहेत. पहिली, विहिरीतून घागरीने पाणी शेंदायचे. यात कष्ट फार आणि पाणी थोडे. दुसरी, रहाट लावायचा; कष्ट कमी आणि पाणी जास्त. तिसरी, ओढ्याचा किंवा नदीचा पाट बागेत फिरवायचा. चौथी म्हणजे पाऊस; त्यात माळ्याला काहीच करावे लागत नाही. प्रार्थनेत आरंभी सारा प्रयत्न माणसाचा असतो, आणि जसजसा तो पुढे जातो तसतशी कृपा अधिक काम करू लागते. पाऊस आपल्या हातात नाही, हे मात्र ती पुनःपुन्हा बजावते. आपल्या हाती शेंदणे आहे. विहीर कोरडी लागली तरी काठावर जाणे सोडायचे नाही.

मठातील ज्या भगिनींना कामामुळे ध्यानाला वेळ मिळत नाही म्हणून खंत वाटे, त्यांना तिने दिलासा दिला. स्वयंपाकघरात नेमणूक झाली असेल तर प्रभू तिथल्या भांड्याकुंड्यांतही वावरतो, आतून आणि बाहेरून मदत करतो, अशा आशयाचे तिचे म्हणणे मठांच्या स्थापनेविषयीच्या ग्रंथात येते. या लेखाचे शीर्षक तिथूनच सुचले. सात दालनांच्या ग्रंथात ती आणखी पुढे जाते. एखादी भगिनी आजारी असेल आणि तुमची ध्यानाची गोडी मोडून तिच्याकडे जावे लागत असेल, तर खुशाल जा. ईश्वराशी ऐक्य म्हणतात ते हेच. सर्वांत आतल्या, सातव्या दालनात पोहोचल्यावर तिला दिसते ते काम. तिथे मार्था आणि मरिया यांनी एकत्र राहिले पाहिजे, असे ती सांगते.

दिवसाचा जमाखर्च

विद्यार्थिनीच्या आजीचे रात्रीचे आठवणे हीसुद्धा एका जुन्या शिस्तीची घरगुती आवृत्ती आहे. येशू संघाचे संस्थापक लोयोलाचे इग्नेशियस (१४९१–१५५६) यांच्या साधनापुस्तिकेत, जी १५४८ मध्ये छापली गेली, या शिस्तीची रीत दिली आहे. तिला ‘एक्झामेन’ म्हणतात. या लॅटिन शब्दाचा एक अर्थ तराजूचा काटा असा आहे. रीत पाच पायऱ्यांची आहे. आधी मिळालेल्याबद्दल आभार. मग स्वतःचे दोष दिसावेत म्हणून कृपेची मागणी. नंतर उठल्यापासून आतापर्यंतचा दिवस तासातासाने डोळ्यांपुढे आणणे : काय विचार केला, काय बोललो, काय केले. त्यानंतर क्षमायाचना. शेवटी उद्यासाठी निश्चय. यातील क्रम महत्त्वाचा आहे. सुरुवात अपराधाने होत नाही, आभाराने होते.

एका विशिष्ट दोषासाठी तर त्यांनी अगदी वाण्याच्या वहीसारखी युक्ती सांगितली आहे. आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात जोडरेषा काढायच्या. दोष घडला की छातीवर हात ठेवायचा, म्हणजे चारचौघांत असतानाही कोणाला न कळता नोंद होते. दुपारी आणि रात्री जितक्या वेळा घडला तितके ठिपके त्या दिवसाच्या रेषांवर द्यायचे. मग आजची कालशी, या आठवड्याची मागच्या आठवड्याशी तुलना करायची. यात गूढ काहीच नाही. पण रोज असे थांबून पाहणाऱ्या माणसाचे स्वतःकडे बघणे हळूहळू बदलत जाते, आणि आत डोकावण्याची सवय अंगवळणी पडते.

हीच शिस्त पाळणारा एक इंग्रज येशूसंघीय १५७९ मध्ये गोव्यात आला आणि पुढची सुमारे चाळीस वर्षे मुख्यतः सासष्टीत राहिला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठीच्या इतिहासात कोठे बसतो, हे आपण सर्व जाणतो. येथे एकच मुद्दा मांडायचा आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसांची आत वळण्याची भाषा ओवीच आहे, पोर्तुगीज किंवा लॅटिन नाही, हे स्टीफन्स यांनी ओळखले. गोव्यातील त्या काळाचा इतिहास वेदनेचाही आहे. १५६० मध्ये येथे धर्मन्यायपीठ आले, आणि त्याने काय केले याच्या स्मृती दोन्ही समाजांत आहेत. ते विसरून हा विषय मांडणे अप्रामाणिक ठरेल. तेरेसेच्या आत्मचरित्रावर नजर ठेवणारी स्पेनमधील संस्था आणि ही संस्था एकाच जातकुळीची. धर्मसत्ता आणि धर्मानुभव या एकाच घरात राहणाऱ्या, पण एकमेकींना सतत ताडून पाहणाऱ्या गोष्टी आहेत.

आणखी एक योग ध्यानात घेण्याजोगा आहे. १२ मार्च १६२२ रोजी रोममध्ये पाच जणांना एकाच वेळी संतपद दिले गेले. त्यांत तेरेसा होती, इग्नेशियस होते, रोमचे फिलिप नेरी होते आणि ज्यांचे शरीर जुने गोवे येथे आहे ते आपले ‘गोंयचो सायब’ फ्रान्सिस झेवियर होते. पाचवा होता माद्रिदचा इसिद्रो, बाराव्या शतकातला एक शेतमजूर. तो प्रार्थनेत असताना देवदूत त्याचा नांगर धरीत, अशी त्याची आख्यायिका आहे. अरणच्या सावता माळ्याच्या मळ्यापासून हे शेत फार दूर नाही.

ब्रदर लॉरेन्स : पंधरा वर्षे स्वयंपाकघरात

या परंपरेचे सर्वांत साधे आणि सर्वांत नेमके उदाहरण पॅरिसचे आहे. निकोला एर्मां हा फ्रान्सच्या पूर्वेकडील लोरेन प्रांतातल्या गरीब घरातला मुलगा. तीस वर्षांच्या युद्धात तो शिपाई होता आणि जखमी झाला. नंतर एका घरी नोकर म्हणून राहिला. हातातून सारखी वस्तू पडून फुटणारा धांदरट नोकर, असे तो स्वतःविषयी सांगे. अठराव्या वर्षी हिवाळ्यात त्याने एक निष्पर्ण झाड पाहिले. काही दिवसांनी याला पालवी फुटेल, मग फुले, मग फळे, एवढाच विचार त्याच्या मनात आला, आणि त्या विचाराने त्याच्यात कायमचा बदल केला. कुठले दर्शन नाही, आवाज नाही. फक्त एक झाड. १६४० मध्ये तो पॅरिसच्या अनवाणी कार्मेल मठात दाखल झाला. तेथे त्याचे नाव लॉरेन्स झाले.

तो दाखल झाला तो सेवक-बंधू म्हणून. मठात दोन स्तर असत. शिकलेले बंधू गायनगृहात बसून लॅटिन स्तोत्रे म्हणत, आणि सेवक-बंधू स्वयंपाक, झाडलोट, सुतारकाम करीत. लॉरेन्सला स्वयंपाकघर मिळाले. त्या कामाचा त्याला मुळातच कंटाळा होता. तरी सुमारे पंधरा वर्षे त्याने तेच केले. पुढे पाय अधू झाल्यावर त्याला वहाणा दुरुस्त करण्याच्या जागी बसवले. एकदा द्राक्षमद्य खरेदीला पाठवले, तर बोटीवर त्याला चालता येईना. मग पिंपांवरून गडगडत तो इकडून तिकडे गेला आणि व्यवहार पुरा करून आला.

त्याची रीत एका वाक्यात सांगता येते : ईश्वर समोर आहे असे धरून त्याच्याशी मनातल्या मनात सारखे बोलत राहायचे, आणि जे काम हातात आहे ते त्याच्यासाठी करायचे. तव्यावरचे अंड्याचे धिरडे उलटायचे ते त्याच्या प्रेमापोटी, आणि जमिनीवरची काडी उचलायची तीही त्याच्यासाठी. ठरलेल्या वेळची प्रार्थना आणि बाकीचा वेळ यांत पुढे त्याला फरक उरला नाही. चार माणसे एकाच वेळी निरनिराळ्या वस्तू मागत असतानाही आपण चर्चमध्ये गुडघे टेकून असावे तसे शांत असतो, असे त्याने सांगितल्याची नोंद आहे.

हे वाचून मोह होतो की किती सोपे आहे! पण त्याच्या पत्रांत दुसरी बाजूही आहे. सुरुवातीची दहा वर्षे आपण फार तळमळत काढली, आपले तारण होणार नाही अशी भीती वाटे, असे तो लिहितो. मन भरकटले की स्वतःला दोष देत बसू नका, शांतपणे परत आणा. मी असाच आहे, तू सावरलेस तरच सावरेन, एवढे म्हणा आणि कामाला लागा, असा त्याचा सल्ला आहे. प्रार्थनेत फार शब्दही नकोत. श्रीमंताच्या दाराशी बसलेल्या मुक्या भिकाऱ्यासारखे बसा.

१२ फेब्रुवारी १६९१ रोजी तो वारला. त्याच्या मागे एकही ग्रंथ नव्हता. जोसेफ द बोफोर या धर्मगुरूने १६६६ पासून त्याच्याशी झालेली संभाषणे टिपून ठेवली होती. ती, आणि मिळतील तेवढी पंधरा-सोळा पत्रे, यांतून एक लहानसे पुस्तक झाले. फ्रान्समध्ये मौन प्रार्थनेविषयी वाद पेटला, तेव्हा कॅथलिक वर्तुळात ते काहीसे मागे पडले. पण प्रॉटेस्टंटांनी ते उचलले, आणि मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी आपल्या ग्रंथमालेत त्याचा समावेश केला. एका स्वयंपाक्याचे बोलणे पंथांच्या भिंती ओलांडून गेले.

हा उपदेश कोणाला?

येथे एक शंका घेतलीच पाहिजे. भांड्यांत देव आहे, हे भांडी न घासणाऱ्याने सांगितले तर ते सोयीचे तत्त्वज्ञान होते. बाईने चुलीपाशीच समाधान मानावे, गड्याने नांगरापाशीच मोक्ष शोधावा, असा त्याचा वापर सर्वच धर्मांत झाला आहे. मी स्वतः नोकरी आणि घर सांभाळणारी बाई आहे. त्यामुळे तेरेसेचे ते म्हणणे पहिल्यांदा वाचले तेव्हा मनात आधी हीच शंका आली.

तिचे उत्तर मला दोन ठिकाणी मिळाले. एक, हे बोलणारे कोण आहेत ते पाहावे. लॉरेन्स स्वयंपाकघरातून बोलतो. मठाच्या उतरंडीत तो तळाला आहे, आणि त्याच्याकडे सल्ला विचारायला वरचे लोक येतात. तेरेसा कामाचा महिमा सांगते, पण स्वतः अधिकाऱ्यांशी भांडते, खानदानाचा अभिमान मठाबाहेर ठेवायला लावते, आणि स्त्रियांना ध्यानाची पुस्तके नाकारणाऱ्या काळात स्वतः पुस्तके लिहिते. दुसरे, हे कोणीही काम गोड लागेल असे म्हणत नाही. लॉरेन्सचा कंटाळा गेला असे तो सांगत नाही. कंटाळ्यासकट काम करता येते, एवढेच सांगतो.

माझी आई शेवटचे आठ महिने अंथरुणाला खिळून होती. तेव्हा लॉरेन्सची पत्रे माझ्या उशाशी असत. ती वाचून मन शांत झाले, असे मी म्हणणार नाही. पहाटे तीनला चादर बदलताना चिडचिड होई, आणि नंतर त्या चिडचिडीची लाज वाटे. फरक पडला तो एवढाच, की त्या लाजेत गुंतून राहणे कमी झाले. चुकले, परत ये, कामाला लाग. मी ख्रिस्ती नाही, आणि त्याच्या अर्थाने प्रार्थना केली असेही म्हणवत नाही. परंतु रात्री दिवा मालवण्यापूर्वी आधी आभार आणि मग हिशेब हा क्रम तेव्हापासून राहिला आहे.

फ्रान्समधील लिझ्यू गावच्या तेरेजचे (१८७३–१८९७) लेखन याच वाटेवरचे आहे. पंधराव्या वर्षी कार्मेल मठात गेलेली आणि क्षयाने चोविसाव्या वर्षी वारलेली ही मुलगी शाळेच्या वहीत आपल्या आठवणी लिहून गेली. त्यात कसले प्रसंग आहेत? धुणे धुताना समोरची भगिनी घाण पाणी तोंडावर उडवते. प्रार्थनेच्या वेळी मागे बसलेली कोणी सारखा बारीक आवाज करते. एका कुरकुऱ्या वृद्धेला रोज संध्याकाळी हाताला धरून जेवणघरात न्यावे लागते. तेरेजची साधना या प्रसंगांत आहे. शेवटचे वर्ष-दीड वर्ष तर तिला श्रद्धेचा उजेडच दिसेना, तरी तिने छोट्या छोट्या गोष्टी सोडल्या नाहीत. १९९७ मध्ये चर्चने तिला ‘आचार्य’ ही सर्वोच्च विद्वत्पदवी दिली. ही पदवी १९७० मध्ये आविलाच्या तेरेसेला मिळाली होती.

टिळक, लक्ष्मीबाई आणि आपला अभ्यासक्रम

मराठीत ही वाट रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी चालून दाखवली. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ते प्रॉटेस्टंट मिशनशी जोडलेले होते, म्हणजे वर आलेल्या कॅथलिक मठपरंपरेशी त्यांचे थेट नाते नाही. पण प्रश्न तोच होता : अनुभव आपला, तर भाषा कोणाची? इंग्रजी चालींवर बेतलेली भाषांतरित गीते त्यांना पुरेना. त्यांनी अभंग आणि ओवी हाती घेतली, आणि तुकारामांचे ऋण उघडपणे मान्य केले. ‘अभंगांजली’ त्यातून आली. ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले, ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणण्याचा तो प्रयत्न होता. आपण मात्र वर्गात ‘फुलामुलांचे कवी’ एवढे सांगून पुढे जातो. भक्तिकवितेच्या परंपरेत त्यांना जागा द्यायची की ‘ख्रिस्ती साहित्य’ या वेगळ्या कप्प्यात ठेवायचे, याचा निर्णय न करताच पान उलटतो.

लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ आपण आत्मचरित्र म्हणून, विनोदी गद्य म्हणून शिकवतो. ते एका अंतःकरणाच्या बदलाचेही पुस्तक आहे, याकडे लक्ष वेधले पाहिजे. हा बदल कोठे घडतो? पाण्याच्या भांड्यापाशी, ताटापाशी, कोणाच्या हातचे खायचे या प्रश्नापाशी. सोवळ्याओवळ्याची एकेक गाठ सुटते ती स्वयंपाकघरात. मोठ्या शब्दांचा सोस नाही, अलौकिकाचा दावा नाही, स्वतःवर हसणे मात्र भरपूर. आविलाच्या तेरेसेच्या गद्याशेजारी हे गद्य ठेवून वाचावे, असे साहित्याच्या विद्यार्थ्यांना मी सुचवीन.

साम्य दिसले की ऐक्य सांगण्याची घाई आपण करतो. तीही टाळावी. जनाबाईचे जाते, गोरोबांचे चाक, सावता माळ्याचा मळा आणि लॉरेन्सचे स्वयंपाकघर यांत खरे सख्य आहे. नामस्मरण आणि अनुसंधान हे आपले शब्द लॉरेन्सच्या रीतीला ‘गूढवाद’पेक्षा पुष्कळ जवळचे आहेत. तरीही त्याचा ईश्वर इतिहासात देह धारण केलेला, क्रुसावर दुखावलेला येशू आहे. पाप, क्षमा आणि कृपा हे त्याच्या बोलण्याचे खांब आहेत, आणि तो एकटा साधक नाही, एका संघाचा सदस्य आहे. हा फरक पुसला तर दोन्ही परंपरा फिक्या होतात. फरक राखून शेजारी बसवल्या, तर दोहोंचे वाचन सुधारते.

आता मी तो घटक वेगळ्या रीतीने शिकवते. लक्षणांची यादी शेवटी येते. आधी प्रसंग : एक झाड, एक तवा, धुण्याचे पाणी, ठिपक्यांच्या रेषा. मग प्रश्न विचारते की हे लिहिणाऱ्याने विद्वानांची भाषा टाळून घरची भाषा का घेतली? मुले उत्तरे शोधतात, आणि बहुतेकदा कोणीतरी आपल्या घरातल्या माणसाचे नाव घेते.

ती विद्यार्थिनी आता स्वतः शिक्षिका आहे. तिची आजी गेली. त्या दिवशी मी तिला सांगायला हवे होते ते एवढेच : हो, आजी यात बसते. न बसवणारी व्याख्याच आपण दुरुस्त करू.